सुपरवायझरचा मॅनेजर झालात, आता पुढे? कोल्हापूरच्या कारखान्यांतले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत आणि उद्यमनगर इथले शिफ्ट इनचार्ज, प्रॉडक्शन आणि क्वालिटीची माणसं हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उदाहरणं बहुतेक फौंड्री (धातू वितळवून ओतायचा कारखाना) आणि मशिनशॉपची आहेत, कारण इथला बराच उद्योग त्यावर उभा आहे. इचलकरंजीची सूतगिरणी, दूध संघ किंवा साखर कारखान्यातल्यांनी आपापल्या खात्याचे आकडे घालून वाचावं. बहुतेक उत्तरं फिरून एकाच जागी येतात: तुम्ही रजेवर असताना खातं कसं चालतं, त्यावर तुमची किंमत ठरते.

कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला तेच आता हाताखाली आलेत. सुरुवात कशी करू?

पहिल्या पंधरा दिवसांत एकही नवा नियम काढू नका. प्रत्येकाला एकेकटं गाठून पंधरा मिनिटं बोला आणि तीनच गोष्टी विचारा: काम कुठं अडतं, काय बदललं तर सोपं होईल, आणि मी काय करू नये असं वाटतं. उत्तरं वहीत लिहा. त्यातली एक लहानशी अडचण महिन्याच्या आत सोडवा. ग्राइंडिंगचा दगड वेळेवर न मिळणं, पाण्याचा कूलर बंद असणं, असलंच काहीतरी. सांगितलेलं काम होतं हे दिसलं की निम्मा विरोध मावळतो.

डबा एकत्र खाणं सोडायचं कारण नाही. सांभाळायच्या त्या तीन जागा: ओव्हरटाइम, रजा आणि शिफ्टबदल. गाडी बिघडते ती नेमकी इथं. जुन्या दोस्ताचं नाव दर रविवारच्या ओव्हरटाइमला आलं की बाकीचे महिनाभरात तुमचं ऐकायचं सोडतात, तोंडावर मात्र कोणी बोलत नाही. ओव्हरटाइमची यादी पाळीपाळीने बनवा आणि फलकावर लावा.

ज्याला ही जागा मिळेल असं सगळ्यांना वाटत होतं, त्याच्याशी पहिल्याच दिवशी स्वतः बोला. माफी मागू नका, समजूतही काढू नका. त्याच्या हातात एक स्पष्ट अधिकार द्या, उदाहरणार्थ टूलिंगची खरेदी-मागणी त्याच्या सहीशिवाय जाणार नाही. आणि तो अधिकार नंतर मागच्या दाराने काढून घेऊ नका.

मी सव्वीस वर्षांचा इंजिनिअर. वीस वर्षं भट्टीवर काढलेले मामा माझं ऐकत नाहीत.

त्यांना वितळलेल्या धातूच्या रसाचा रंग आणि हालचाल बघून बरंच कळतं. तुमच्याकडे धातूत कुठला घटक किती ते सांगणारा स्पेक्ट्रोमीटरचा रिपोर्ट असतो. तो कागद चारचौघांत त्यांच्यापुढे नाचवला की पुढची दोन वर्षं गेली म्हणून समजा. रिपोर्ट हातात असतानाही आधी त्यांना विचारा:

"मामा, सकाळच्या तिसऱ्या हीटला सिलिकॉन खाली आलंय. तुमच्या नजरेला काय दिसलं?"

"भंगार बदललंय न्हवं का साहेब. आज बंडलचा माल जास्त पडलाय."

हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला माल, आणि बंडल म्हणजे पत्र्याचं पोलादी भंगार. त्यात कार्बन आणि सिलिकॉन दोन्ही कमी. चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत टाकायच्या मालात, त्याचं प्रमाण वाढलं की सिलिकॉन खाली येणारच. म्हणजे रिपोर्टने काय झालं ते सांगितलं आणि मामांनी का झालं ते. आता पुढच्या हीटचं चार्ज शीट त्यांच्यासमोर दुरुस्त करा, सिलिकॉन भरून काढणारं फेरोसिलिकॉन किती वाढवलं ते मोठ्याने सांगा आणि शेऱ्याच्या रकान्यात मामांचं निरीक्षण त्यांच्या नावानिशी लिहा. ही सवय दोन महिने टिकवली तर मामा स्वतःहून येऊन सांगू लागतात.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र वय आणि अनुभव बाजूला ठेवा. ओलं भंगार रसात गेलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेला धातू भट्टीबाहेर उसळतो. पावसाळ्यात उघड्यावरचं भंगार थेट भट्टीत टाकायला कोणी निघालं तर तिथल्या तिथं थांबवा, मग ते मामा असोत की मालक.

पहिल्या शिफ्टची गडबड दुसऱ्या शिफ्टला कळतच नाही. काय करावं?

दोन्ही इनचार्ज मशिनजवळ उभे राहून दहा मिनिटं एकत्र असले पाहिजेत. फोनवरचा निरोप किंवा ग्रुपवरचा मेसेज त्याची जागा घेत नाही. रजिस्टरच्या एका पानात एवढं बसतं: अर्धवट राहिलेला जॉब आणि त्याची शेवटची मोजमापं, कुठलं मशीन आवाज करतंय किंवा साइज सोडतंय, कुठल्या टूलचं आयुष्य संपत आलंय, बाजूला ठेवलेला संशयित माल, आणि उद्या कोण येणार नाही. दोघांच्या सह्या.

सगळ्यात जास्त नुकसान "संशयित माल" लिहायचा राहिल्याने होतं. पहिल्या शिफ्टने चाळीस पीस बाजूला काढले, लाल पट्टी लावली नाही, दुसऱ्या शिफ्टने ते चांगले समजून डिस्पॅचला दिले. पुढे ग्राहकाकडून तक्रार येते तेव्हा नक्की कोणाचं चुकलं हे शोधण्यात आठवडा जातो.

सकाळची मीटिंग तासभर चालते आणि निष्पन्न काही होत नाही.

उभ्याने घ्या, पंधरा मिनिटांत संपवा. अपघात किंवा थोडक्यात टळलेला अपघात, कालचं रिजेक्शन (बाद माल), कालचं उत्पादन, आजचं डिस्पॅच, हजेरी: एवढंच. प्रश्न तिथं सोडवत बसू नका. कोण बघणार आणि कधीपर्यंत, एवढं फलकावर लिहा आणि संबंधित दोघांना मीटिंगनंतर थांबवा. "सगळ्यांनी लक्ष द्या" असं लिहिलेलं काम कोणीच करत नाही. एका कामापुढे एकच नाव हवं.

ऊस तोडणीच्या हंगामात खाडे वाढतात. कापून घ्यायचे की सोडून द्यायचे?

दोन्ही करण्याआधी हजेरीपट काढा आणि मागच्या बारा महिन्यांचे खाडे माणसानुसार आणि वारानुसार मांडा. बहुतेक ठिकाणी चित्र असं निघतं की मूठभर माणसांकडेच निम्मे खाडे असतात. बाकीच्यांना त्या मूठभरांसाठी बोलणी बसत असतात.

मग कारणं वेगळी करा. इथल्या बऱ्याच कामगारांचं गावाकडे रान आहे. तोड आली की घरचा माणूस फडात लागतो. शेतीची वीज कधी दिवसा तर कधी रात्री येते. पाण्याची पाळी रात्री असेल तर माणूस पहाटेपर्यंत रानात उभा असतो आणि सात वाजता डोळ्यांवर झोप घेऊन लेथपुढे येतो. असा माणूस हजर दिसतो खरा, पण खाड्यापेक्षा तोच जास्त धोक्याचा असतो. बोट जातं ते अशा सकाळी.

यावर चालणारा उपाय साधा आहे. दिवाळीआधी एक तक्ता लावा आणि ज्यांची तोड यायची आहे त्यांना अंदाजे आठवडा लिहायला सांगा. साखर कारखान्याकडून नोंदीप्रमाणे क्रम ठरतो, तारीख पुढेमागे होते, म्हणून दोन दिवस आधी कळवायची अट ठेवा. पाणी रात्री असेल त्या आठवड्यात आपापसांत शिफ्ट बदलायची मुभा द्या, फक्त बदली आदल्या दिवशी इनचार्जच्या सहीने व्हावी. आणि एका दिवशी एका खात्यातून किती जणांना रजा मिळेल हा आकडा आधीच जाहीर करा. जोतिबाची चैत्र यात्रा, गावची म्हाई (गावजत्रा), गणपती यांनाही हाच तक्ता लागू.

कळवून घेतलेली रजा आणि न कळवता केलेला खाडा यांना एकाच मापाने मोजलं की कळवणारा माणूसही पुढच्या वेळी कळवत नाही. न कळवता वारंवार गैरहजर राहणाऱ्याला आधी तोंडी समज, मग लेखी, मग कारणे दाखवा नोटीस. उत्तर द्यायला वेळ द्या. "उद्यापासून येऊ नको" असं रागात तोंडी सांगणं कायद्यापुढे टिकत नाही आणि प्रकरण शेवटी कंपनीच्या अंगावर येतं.

चूक दाखवली की माणूस रुसून बसतो.

चारचौघांत बोललात का? मग रुसणारच. बाजूला घ्या, त्याच दिवशी बोला, आणि स्वभावावर न जाता झालेल्या गोष्टीवर राहा. "तू निष्काळजी आहेस" यावर पुढे काही बोलता येत नाही. "दुपारी दोनच्या लॉटमध्ये पहिला पीस चेक न करता सत्तर पीस काढलेस, बारा बाद झाले" यावर बोलता येतं. त्यानंतर गप्प बसून त्याचं ऐका. मोजायचं गेज कॅलिब्रेशनला (अचूकतेच्या तपासणीला) गेलेलं असतं आणि ते कोणी सांगितलेलं नसतं, असंही पुष्कळदा निघतं. शाबासकी मात्र सगळ्यांसमोर द्या.

मालक माझ्या डोक्यावरून थेट ऑपरेटरला सांगतात.

घरच्या धंद्यात हे होणारच. मालकांनी त्याच मशिनवर स्वतः काम केलेलं असतं, ऑपरेटरला ते वीस वर्षं ओळखतात. फ्लोअरवर वाद घालू नका. ऑपरेटरला एवढंच सांगून ठेवा की मालकांनी काही सांगितलं तर काम सुरू करण्याआधी मला कळव, मी नाही म्हणणार नाही. मग त्या बदलामुळे काय सरकलं ते लिहून ठेवा: "मालकांच्या सांगण्यावरून अमुक जॉब आधी घेतला, दोन तास सेटिंग, तमुक ग्राहकाचं डिस्पॅच शुक्रवारवरून शनिवारी." दर शनिवारी मालकांबरोबर वीस मिनिटं मागून घ्या आणि हे तक्रारीच्या सुरात न सांगता आकड्यांत मांडा. चार-पाच शनिवारांत बहुतेक मालक स्वतःच "आधी मॅनेजरला विचार" म्हणू लागतात.

वडील एक सांगतात आणि मुलगा दुसरं, हा प्रकार असेल तर दोघांना एकाच वेळी एकाच कागदावर आणा. एकाचं दुसऱ्याला जाऊन सांगणारा मॅनेजर दोन्हीकडून जातो.

सगळं मलाच बघावं लागतं. रजेवर असलो तरी दिवसाला वीस फोन.

आठवडाभर आलेला प्रत्येक फोन लिहा: कोणी केला, कशासाठी, तुम्ही काय उत्तर दिलं. यादी बघितली की कळतं, बहुतेक फोन परवानगीसाठी आहेत. माहिती फोन करणाऱ्याकडे असतेच, त्याला अधिकार नसतो. तो लिहून द्या. उदाहरणार्थ: पाच हजारांपर्यंतची तातडीची खरेदी इनचार्ज करेल. रिजेक्शन ठरलेल्या टक्क्याच्या वर गेलं तर लाइन थांबवायचा अधिकार क्वालिटी इन्स्पेक्टरला आहे आणि त्याबद्दल त्याला कोणी बोलणार नाही.

दुसरा भाग कौशल्याच्या तक्त्याचा. आडवी मशिनं, उभी माणसं, प्रत्येक चौकटीत १ ते ४: शिकतोय, देखरेखीखाली करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवतो. ज्या मशिनवर ३ किंवा ४ आकडा मिळालेली माणसं तीनपेक्षा कमी आहेत तिथं तुमचा फोन वाजणार. त्या चौकटी भरायला महिन्याला एक माणूस, एक मशीन एवढाच वेग ठेवा. जास्त घाई केली की तक्त्यावर ३ दिसतो आणि माणूस प्रत्यक्षात २ वर असतो. आकडा वाढवण्याआधी त्याच्याकडून सेटिंगपासून पहिल्या पासिंग पीसपर्यंतचं काम एकट्याने करून घ्या.

बरेच मॅनेजर शिकवायला कचरतात. दुसऱ्याला सगळं आलं तर आपली गरज काय, ही भीती असते. पण तुमच्या जागेवर बसणारा तयार नसेल तर वरच्या जागेसाठी तुमचा विचार होत नाही, कारण तुम्हाला हलवणं कंपनीला परवडत नाही.

ठेकेदारामार्फत आलेले बाहेरच्या राज्यांतले कामगार. त्यांची जबाबदारी माझी की ठेकेदाराची?

काम तुमच्या छपराखाली होतं, त्यामुळे सुरक्षा तुमचीच. ठेकेदाराने वेतन दिलं नाही तर ते देण्याची जबाबदारी कायद्याने मुख्य मालकावर, म्हणजे काम करून घेणाऱ्या कंपनीवर येते, म्हणून ठेकेदाराचं बिल पास करण्याआधी मागच्या महिन्याच्या पीएफ-ईएसआयच्या पावत्या मागा. सूचना हिंदीत आणि चित्रांत लावा. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी लॅडलजवळ (वितळलेला धातू नेणारं भांडं) उभं करू नका. वाळू चाळण्यापासून किंवा फेटलिंगपासून (ओतीव पार्टवरचा जास्तीचा धातू घासून काढणं) सुरुवात द्या, आणि त्याच्याच गावचा जुना माणूस सोबतीला असला तर उत्तम.

मी महिला मॅनेजर आहे. फ्लोअरवर माझा शब्द चालत नाही.

फ्लोअरवर रोज ठरलेल्या वेळी फेरी मारा आणि तीच तीन-चार ठिकाणं खोलात तपासा. ज्याला प्रक्रियेतलं कळतं त्याचं ऐकलं जातं, याला वेळ लागतो पण ते होतं. तुमचा निर्णय कोणी दुसऱ्या साहेबाकडून बदलून आणत असेल तर तो साहेब आणि तुम्ही आधी एकमत करा, फ्लोअरवर नको. त्रासाचा प्रकार असेल तर गप्प बसू नका. १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. नसेल तर ती स्थापन करायला लावणं हेही मॅनेजरचंच काम.

महापुराची तयारी मॅनेजरने काय करावी?

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पाण्यामुळे शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला होता. तुमचा कारखाना कोरडा असला तरी गाड्या आणि माणसं अडकतात. जूनच्या अखेरीस तीन याद्या तयार ठेवा: नदीच्या कोणत्या बाजूला कोणता कामगार राहतो, कोणत्या ग्राहकाला आधी माल पाठवून ठेवता येईल, आणि भट्टी सुरक्षित बंद करायला कमीत कमी कोणकोण लागतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीवर रोज नजर ठेवा. ग्राहकाला रस्ता बंद होण्याआधी कळवलं तर तो सांभाळून घेतो, नंतर कळवलं तर ती सबब ठरते.

पगारवाढ कशी मागावी?

"महागाई वाढली" आणि "अमक्याला जास्त आहे" ही दोन वाक्यं घरी ठेवून जा. केलेल्या कामाचा हिशेब न्या, आणि तो खरा न्या.

बहुतेक जण चुकतात ते इथं. समजा महिन्याला २०० टन कास्टिंग (ओतीव पार्ट) ओतता आणि रिजेक्शन ६ टक्क्यांवरून ४.५ वर आणलंत. वाचले ३ टन. लोक हे ३,००० किलो विक्रीच्या दराने गुणतात आणि काही लाखांचा आकडा घेऊन मालकांपुढे बसतात. मालकांना एका क्षणात कळतं की हिशेब कच्चा आहे. बाद कास्टिंग परत भट्टीत जातं, लोखंडाची बरीचशी किंमत सुटते. बुडतं ते बाकीचं: वितळवायची वीज (इंडक्शन भट्टीला टनामागे साधारण ६०० युनिट), बाइंडर (वाळू घट्ट धरणारं द्रव्य), कोअर (पार्टमधली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा), साच्याची आणि फेटलिंगची मजुरी, अडून राहिलेली लाइन. अकाउंट्सकडून हा दर काढून घ्या. तो किलोला ३० रुपये आला तर बचत महिन्याला ९०,०००, वर्षाला १० लाख ८० हजार. हा आकडा लहान दिसतो, पण त्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही. दोष मशिनिंगनंतर सापडत होता आणि आता आधीच सापडतो, असं असेल तर मशिनिंगचा खर्च वेगळा मांडा. ग्राहकाकडून येणाऱ्या डेबिट नोट (बाद मालापोटी पैसे कापल्याचे कागद) कमी झाल्या असतील तर त्या थेट रुपयांत दाखवता येतात.

आणखी एक खबरदारी. सोपे, जाड भिंतीचे पार्ट जास्त आले की रिजेक्शन आपोआप उतरतं. म्हणून त्याच पार्टची आधीची सहा महिने आणि नंतरची सहा महिने अशी तुलना करा. कुठला दोष घटला तेही सांगा: ब्लो होल (वायूमुळे कास्टिंगमध्ये पडणारी भोकं) कमी झाले ते वाळूतली ओल आणि कोअरची भाजणी रोज तपासायला लागल्यामुळे, असं कारणासकट. नुसता उतरलेला आलेख नशिबाचाही असू शकतो.

बोलणं वार्षिक वाढीच्या दोन-तीन महिने आधी करा. मार्चअखेर आकडे ठरून गेलेले असतात. रक्कम तुम्ही सांगा, आणि रोख जमत नसेल तर दुसरं काय चालेल तेही मनात ठरवून जा: पदनाम, प्रशिक्षणाचा खर्च, बचतीवर ठरावीक बक्षीस. दुसरीकडचं ऑफर लेटर दाखवून वाढ मिळवता येते, पण एकदाच, आणि त्यानंतर मालक तुमच्या जागी पर्याय शोधून ठेवतात.

कोणता कोर्स करावा?

वाहन उद्योगाचे पार्ट बनवत असाल तर आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकाचा इंटर्नल ऑडिटर आणि दर्जा राखायच्या पद्धतींची पाच कोअर टूल्स (एपीक्यूपी, पीपॅप, एफएमईए, एसपीसी, एमएसए) याला पहिला नंबर. ग्राहकाच्या ऑडिटमध्ये उत्तर देणारा माणूस आपोआप पुढच्या रांगेत येतो. त्याचबरोबर एक्सेलमधलं पिव्होट टेबल. एमबीए नोकरी सांभाळून करायचं असेल तर करा, मात्र दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम यूजीसीच्या मान्य यादीत त्या वर्षासाठी आहे का ते प्रवेशाआधी बघा. इंग्रजी बोलायला अडत असेल तर संभाषणाच्या क्लासपेक्षा स्वतःच्या खात्याच्या एका तक्रारीचा ८डी रिपोर्ट (कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारा) इंग्रजीत लिहून तोंडी मांडायचा सराव करा. लागतं तेच आधी येऊ द्या.

पुण्याला जावं का?

चाकणचा पगार आणि इथला पगार शेजारी लिहून भागत नाही. भाडं, दोन घरं, शनिवार-रविवारच्या फेऱ्या वजा करा. उरलेला फरक लहान निघाला तर पुढचा प्रश्न शिकण्याचा. इथल्या मध्यम कारखान्यात एकच माणूस भट्टीपासून डिस्पॅचपर्यंत आणि ग्राहकाच्या ऑडिटपर्यंत सगळं बघतो. मोठ्या प्लांटमध्ये काम अरुंद असतं पण पद्धत शिस्तीची. आमच्या मते तीन-चार वर्षं इथं सगळी खाती फिरून मग मोठी पद्धत बघायला जाणं फायद्याचं. कुठल्याच खात्यात वर्षही न काढता गेलात तर तिथंही पहिल्यापासूनच सुरू करावं लागतं.

कारखान्याच्या परवान्यावर 'फॅक्टरी मॅनेजर' म्हणून माझं नाव टाकायचं म्हणतात. हो म्हणू?

विचार करून. अपघात झाला किंवा नियम मोडला तर मालकाबरोबर त्या व्यक्तीलाही कायद्याने जबाबदार धरलं जातं. हो म्हणण्याआधी मशीन थांबवण्याचा अधिकार, सुरक्षेच्या खर्चाची मंजुरी आणि ओव्हरटाइमची खरी नोंद (दर दुप्पट, हे लक्षात ठेवा) या तीन गोष्टी लेखी मागा. अधिकार नाही आणि नाव आहे, अशा कागदावर सही करू नका.

नोकरी सोडताना काय सांभाळावं?

राजीनामा लेखी द्या आणि पोच घ्या. नोटीसचा काळ नेमणूकपत्राप्रमाणे पूर्ण करा. कोल्हापूरच्या उद्योगात माणसं एकमेकांना ओळखतात, नव्या ठिकाणचा मालक जुन्याला फोन करतोच. ड्रॉइंग, दरपत्रकं, ग्राहकांच्या याद्या पेन ड्राइव्हवर नेऊ नका. चालू तक्रारी, पुढच्या तीन महिन्यांचे ऑडिट आणि अडलेली देणी-घेणी यांची यादी करून पुढच्या माणसाबरोबर निदान एक पूर्ण डिस्पॅच आठवडा काढा.

सलग पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटीचा हिशेब स्वतः करून ठेवा: ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा मासिक पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. पीएफ काढून खर्च करू नका, त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा क्रमांक) नव्या कंपनीत वर्ग करा. आणि आधार व पॅनवरचं नाव यूएएनच्या नावाशी जुळतं का ते जुन्या कंपनीत असतानाच तपासून घ्या, कारण दुरुस्तीला तिथलीच सही लागू शकते.